फळीतला गडी

मैदानावर खेळ रंगात आला, की प्रेक्षकांची दृष्टी चेंडूचा पाठलाग करू लागते. ज्याच्या हाती चेंडू, त्याच्या नावाचा जयघोष होतो; ज्याने गुण मिळविला, त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकते. परंतु अमेरिकी फुटबॉल या खेळात प्रत्येक संघाचे पाच गडी असे असतात, की चेंडू घेऊन धावण्याचे वा तो झेलण्याचे भाग्य त्यांच्या वाट्याला सहसा येतच नाही. त्यांच्या नावापुढे गुण मांडले जात नाहीत. तरीही त्यांच्यावाचून संघाचे पाऊल पुढे पडत नाही. कॅनडा देशातील लोराँ ड्युव्हर्ने-तार्दिफ हा अशाच पाच गड्यांपैकी एक होता. त्याची ही हकीकत आहे.

या खेळाच्या नावात फुटबॉल हा शब्द असला, तरी तो मुख्यतः हातांनी खेळला जातो. चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. मैदानाची लांबी १०० यार्ड, आणि प्रत्येक बाजूस अकरा गडी. ज्या संघाजवळ चेंडू असेल, त्याने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकावयाचे. तेवढे साधले, की त्याला पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न साधले, तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. अशी पावलापावलाने भूमी जिंकीत चेंडू प्रतिपक्षाच्या सीमेपलीकडे न्यावयाचा, हे या खेळाचे उद्दिष्ट. आपल्या कबड्डीत एकटा गडी चढाईला जातो. येथे सबंध संघच चढाई करतो.

चढाई करणाऱ्या संघाच्या अग्रभागी पाच धिप्पाड गडी शेजारी शेजारी वाकून उभे राहतात. मधल्या गड्याला सेंटर म्हणतात. त्याच्या दोन्ही बाजूंस दोन गार्ड आणि त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. हीच आघाडीची फळी. सेंटर आपल्या पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅक नावाचा गडी घेतो. क्वार्टरबॅक हा चढाईचा सूत्रधार. चेंडू कोणाकडे फेकावयाचा, की कोणाच्या हाती देऊन त्याला पळवावयाचे, हे तो पाहतो. पण नेम धरून फेक करण्यास त्याला दोन-तीन सेकंद तरी मिळावयास हवेत. तेवढ्या अवधीत प्रतिपक्षाचे बलदंड गडी त्याला लोळविण्यासाठी धावून येतात. त्यांना थोपवून धरणे, हे फळीचे काम. चेंडू घेऊन कोणी पळणार असेल, तर समोरच्यांना बाजूला रेटून त्याला वाट करून देणे, हेही फळीचेच काम.

हे काम निव्वळ दांडगाईचे आहे, असे प्रथम पाहणाऱ्यास वाटते. फळीतल्या गड्याचे वजन पुष्कळदा १४० किलोग्रॅमच्या आसपास असते, हे खरे. पण नुसत्या वजनाने काही साधत नाही. चेंडू हलण्यापूर्वी त्याने किंचित जरी हालचाल केली, तरी संघाला ५ यार्ड मागे जावे लागते. प्रतिपक्षाच्या गड्याला तो तळहातांनी रेटू शकतो. परंतु त्याला कवटाळले किंवा त्याचा अंगरखा ओढून धरला, तर १० यार्डांचा दंड होतो. समोरचा गडी डावीकडून येईल की उजवीकडून, हे त्याला निमिषात ओळखावे लागते. शेजारचा सोबती कोणाला अडविणार आहे, हेही ठाऊक असावे लागते. पाचांपैकी एकाची चूक झाली, की फळीला खिंडार पडते आणि चौघांचे श्रम वाया जातात. नियमभंग झाला, म्हणजे पंच अपराधी गड्याचा क्रमांक सर्वांना ऐकू जाईल असा पुकारतात. त्यामुळे भर सामन्यात फळीतल्या गड्याचा उल्लेख झालाच, तर तो बहुधा त्याच्या चुकीसाठी होतो!

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग या धंदेवाईक संघटनेत ३२ संघ आहेत. या संघांतील नामवंत खेळाडूंना मोठा मान आणि मोठे वेतन मिळते. परंतु फळीतल्या अनेक गड्यांचे जीवन मात्र अस्थिर असते. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गावोगाव काम शोधणाऱ्या कारागिरासारखे ते एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे जातात. गुडघा दुखावला, हात मोडला, अथवा एखादा तरुण गडी अधिक चपळ ठरला, की त्यांची जागा जाते. ती कोणी राखून ठेवीत नाही. हे सारे ठाऊक असूनही लोराँने ही वाट धरली; आणि त्याच वेळी दुसरीही एक वाट त्याने सोडली नाही.

लोराँचा जन्म ११ फेब्रुवारी १९९१ रोजी झाला. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात माँट्रियल नावाचे मोठे नगर आहे. त्याच्या पूर्वेस एका डोंगराच्या पायथ्याशी माँ-साँ-तिलेर हे लहानसे शहर वसले आहे. आसपास सफरचंदाच्या बागा आणि जवळून वाहणारी रिशल्यू नदी. या शहरात लोराँ लहानाचा मोठा झाला. त्याच्या आईवडिलांना समुद्रपर्यटनाची आवड होती. मुले लहान असताना त्यांना बरोबर घेऊन हे कुटुंब शिडाच्या नौकेतून दीर्घ प्रवासास गेले होते. पुढे त्यांनी पावाची भट्टी काढली आणि तिलाही शिडांची आठवण देणारे नाव दिले. क्वेबेकमध्ये बहुसंख्य लोकांची भाषा फ्रेंच आहे, आणि लोराँच्या घरीही हीच भाषा बोलली जाई.

शिक्षणासाठी लोराँ माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दाखल झाला. १८२१ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा लौकिक दोन गोष्टींसाठी त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. एक म्हणजे तेथील वैद्यकीय शिक्षण. दुसरी गोष्ट फुटबॉलसंबंधीची. १८७४ साली मॅकगिलच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जाऊन तेथील विद्यार्थ्यांशी सामने खेळले होते, आणि अमेरिकी फुटबॉलच्या जडणघडणीत या सामन्यांना मोठे स्थान आहे. लोराँने दोन्ही गोष्टी एकदम हाती घेतल्या. तो वैद्यकाचा विद्यार्थी झाला आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघातही आला.

त्याच्यापुढील पहिली अडचण भाषेची होती. मॅकगिलमध्ये शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, आणि त्याला इंग्रजी बेताचीच येत होती. शरीरशास्त्र, औषधे, रोगांची लक्षणे हे विषय परक्या भाषेत शिकावयाचे, आणि त्याच भाषेत संघाच्या खुणा व डावपेचही आत्मसात करावयाचे, अशी दुहेरी कसोटी होती. प्रारंभी तो बचाव करणाऱ्या बाजूला खेळे. नंतर त्याला चढाईच्या फळीत उभे करण्यात आले. या जागेची कला त्यास नव्याने शिकावी लागली.

वैद्यकाच्या विद्यार्थ्यास काही वर्षांनी रुग्णालयात प्रत्यक्ष काम करावे लागते. लोराँच्या वाट्याला हे काम आले, तेव्हा त्याला आठवड्यातून एकदाच संघाबरोबर सराव करता येऊ लागला. इतर खेळाडू मैदानावर घाम गाळीत, तेव्हा तो रुग्णांच्या खाटांजवळ उभा असे. तथापि सरावाचा जो वेळ मिळे, त्यातील क्षणही त्याने वाया जाऊ दिला नाही. २०१३ साली कॅनडातील विद्यापीठांच्या संघांमधील सर्वोत्कृष्ट फळीवीर म्हणून मेट्रास पारितोषिक त्याला मिळाले.

नॅशनल फुटबॉल लीगमधील संघ दरवर्षी महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. या निवडीस ड्राफ्ट म्हणतात. तिच्या सात फेऱ्या होतात. उत्तम म्हणून गाजलेले खेळाडू पहिल्या एक-दोन फेऱ्यांत उचलले जातात. २०१४ सालच्या निवडीत लोराँचे नाव सहाव्या फेरीत पुकारले गेले. त्याच्या आधी १९९ खेळाडू निवडले गेले होते! कॅन्सस सिटी चीफ्स या संघाने त्याला घेतले. कॅनडातील विद्यापीठातून थेट या लीगमध्ये जाणारे खेळाडू फार थोडे. त्यातून हा तर वैद्यकाचा अपुरा अभ्यास मागे ठेवून येणारा. संघाचे मार्गदर्शक अँडी रीड यांना मात्र ही गोष्ट विचित्र वाटली नाही. त्यांच्या मातोश्री मॅकगिल विद्यापीठातूनच वैद्यकाची पदवी घेतलेल्या डॉक्टर होत्या.

पहिल्या वर्षी लोराँला लीगच्या एकाही सामन्यात मैदानावर उतरता आले नाही. अमेरिकेतील खेळाडू लहानपणापासून ज्या डावपेचांत मुरलेले असत, ते त्याला नव्याने शिकावे लागत होते. तो वर्षभर पाहत राहिला, सराव करीत राहिला. २०१५ साली त्याला उजव्या बाजूच्या गार्डची जागा मिळाली. ७६ क्रमांकाचा अंगरखा घातलेला हा गडी मग फळीत नेमाने दिसू लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये संघाने त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करार केला. त्याची रक्कम ४ कोटी डॉलरांहून अधिक होती.

एवढे धन पदरी पडत असता कोणी पुस्तके मिटून ठेवली असती, तर त्यात नवल नव्हते. लोराँने तसे केले नाही. फुटबॉलचा हंगाम संपला, की तो कॅन्सस सिटीहून माँट्रियलला परत येई. चार-सहा महिने रुग्णालयात शिकण्यात घालवी आणि उन्हाळ्यात पुन्हा संघात दाखल होई. त्याचे सहाध्यायी केव्हाच डॉक्टर होऊन गेले; तो मात्र एकेक विषय पुरा करीत राहिला. अखेर मे २०१८ मध्ये त्याला वैद्यकाची पदवी मिळाली. आपल्या अंगरख्यावर नावापुढे ‘एम. डी.’ ही अक्षरे असावीत, अशी परवानगी त्याने लीगकडे मागितली. ती नाकारण्यात आली. पुढच्या सामन्यांत तो पूर्वीचाच अंगरखा घालून फळीत उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमधील एका सामन्यात त्याच्या पायाचे हाड मोडले. दुसऱ्यांची हाडे जोडण्याची विद्या शिकलेल्या या गड्याला आता स्वतःच रुग्ण होऊन बरे होण्याची वाट पाहावी लागली.

२०१९ च्या हंगामात तो पुन्हा उभा राहिला, आणि त्या हंगामाचा शेवट संस्मरणीय झाला. लीगच्या अंतिम सामन्यास सुपर बोल म्हणतात. २ फेब्रुवारी २०२० रोजी फ्लोरिडा राज्यात मायामीजवळ कॅन्सस सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात हा सामना झाला. पदवीप्राप्त डॉक्टर असून सुपर बोलमध्ये खेळणारा लोराँ हा पहिलाच खेळाडू ठरला. शेवटच्या पावाची सात-आठ मिनिटे उरली होती. कॅन्सस सिटी १० विरुद्ध २० गुणांनी मागे होती. तिसरा प्रयत्न होता आणि तब्बल १५ यार्डांची गरज होती. क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स चेंडू घेऊन खूप मागे सरकला. फळीतल्या पाचही गड्यांनी समोरच्यांना शक्य तितका वेळ रोखून धरले. प्रतिपक्षाचा एक गडी माहोम्सवर येऊन आदळला. परंतु तोवर चेंडू त्याच्या हातून सुटला होता. दूरवर धावणाऱ्या सोबत्याने तो झेलला आणि संघ ४४ यार्ड पुढे गेला. तेथून सामन्याचे रूप पालटले. कॅन्सस सिटीने ३१ विरुद्ध २० गुणांनी विजय मिळविला. असे अजिंक्यपद त्या शहराला ५० वर्षांनी लाभले होते. ती फेक आणि तो झेल लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला. त्या फेकीसाठी लागलेले सेकंद ज्यांनी मिळवून दिले, त्यांची नावे मात्र फारशी कोणी विचारली नाहीत.

विजयोत्सव झाला. लोराँ सुट्टीवर गेला आणि मार्च महिन्यात माँट्रियलला परतला. तेव्हा जगभर कोरोनाची साथ पसरू लागली होती. क्वेबेक प्रांतात या साथीचा सर्वांत दारुण आघात वृद्धांच्या शुश्रूषागृहांवर झाला. पहिल्या लाटेत त्या प्रांतात जे मृत्युमुखी पडले, त्यांतील बहुसंख्य या गृहांत राहणारे वृद्धच होते. तेथील अनेक कर्मचारी आजारी पडले. काहीजण भीतीने येईनासे झाले. वृद्धांना वेळेवर अन्न-पाणी देण्यासही माणसे अपुरी पडू लागली. अखेर कॅनडाच्या सैनिकांना मदतीस पाचारण करावे लागले. ज्यांना आरोग्याच्या कामाचे काही शिक्षण मिळाले आहे, त्यांनी पुढे यावे, असे आवाहन सरकारने केले.

लोराँपाशी पदवी होती. पण रुग्णालयातील पुढील निवासी प्रशिक्षण झालेले नव्हते. त्यामुळे स्वतंत्रपणे वैद्यकी करण्याचा परवाना त्याला नव्हता. डॉक्टर म्हणून काम मिळत नाही, तर परिचारकाचे काम करू, असे त्याने ठरविले. एप्रिल २०२० च्या अखेरीस तो माँट्रियलबाहेरील एका शुश्रूषागृहात रुजू झाला. तोंडावर मुखपट्टी, अंगात झगा, हातांत मोजे. वृद्धांना औषधे द्यावयाची, घास भरवावयाचे, त्यांची कूस पालटावयाची, अंथरूण स्वच्छ करावयाचे, अशी ही कामे होती. त्या दिवसांत नातलगांना भेटीची मनाई होती. कित्येक वृद्धांना दिवसभरात कोणाचा शब्द ऐकू येई, तो या परिचारकांचाच. ज्या बाहूंनी बलदंड प्रतिस्पर्ध्यांना रोखले होते, त्या बाहूंना आता एखाद्या कृश वृद्धेला हळुवारपणे उठवून बसवावयाचे होते. येथे प्रेक्षक नव्हते. किती घास भरविले, कितीजणांची कूस पालटली, याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

जुलै महिना आला. फुटबॉलचा नवा हंगाम जवळ येऊन ठेपला. साथीमुळे ज्यांना खेळावयाचे नसेल, त्यांना त्या वर्षापुरते बाहेर राहण्याची मुभा लीगने दिली होती. आता लोराँला निर्णय घ्यावयाचा होता. एका बाजूस अजिंक्य संघातील जागा होती, लाखो डॉलरांचे वेतन होते, आणि दुसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविण्याची संधी होती. खेळाडूच्या तारुण्याची वर्षे मोजकीच असतात, आणि तो तर २९ वर्षांचा झाला होता. सोबत्यांना सोडून जाण्याचे दुःखही होते. कारण फळीतला गडी आपल्या शेजाऱ्याच्या भरवशावर उभा असतो. दुसऱ्या बाजूस शुश्रूषागृहातील वृद्ध होते. सतत प्रवास करणाऱ्या संघात राहून रोगाचा प्रसार आपल्याकडून होऊ नये, हाही विचार त्याच्या मनात होता. २४ जुलै २०२० रोजी त्याने आपला निर्णय जाहीर केला. धोका पत्करावयाचाच असेल, तर तो रुग्णांची सेवा करताना पत्करीन, अशा आशयाचे त्याचे निवेदन होते. हंगाम सोडणारा तो लीगमधील पहिला खेळाडू होता. पुढील महिन्यांत त्याने शुश्रूषागृहातील काम केले आणि सार्वजनिक आरोग्य या विषयाचा अभ्यासही आरंभिला.

त्याच्यावाचून कॅन्सस सिटीचा संघ पुन्हा सुपर बोलपर्यंत पोहोचला. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी टँपा येथे हा सामना झाला. तोपर्यंत दुखापतींमुळे फळीतील दोन्ही टॅकलही बाहेर गेले होते, आणि नव्या गड्यांची फळी उभी करावी लागली होती. ही फळी वारंवार फुटली. माहोम्ससारखा निष्णात क्वार्टरबॅक सबंध सामनाभर जीव घेऊन मागे-पुढे पळत राहिला. कॅन्सस सिटीला सीमेपलीकडे चेंडू एकदाही नेता आला नाही, आणि ९ विरुद्ध ३१ गुणांनी तिचा पराभव झाला. पराभवाची कारणे अनेक असतात. तथापि आघाडीच्या पाच गड्यांचे मोल किती असते, हे त्या दिवशी सर्वांना स्पष्ट दिसले.

२०२१ साली लोराँ संघात परतला. परंतु त्या उन्हाळ्यात त्याच्या हाताला दुखापत झाली. तो बरा होईपर्यंत त्याच्या जागी एक तरुण गडी उत्तम खेळू लागला होता. हा गडीही लोराँप्रमाणेच सहाव्या फेरीत निवडला गेलेला होता. लोराँची जागा गेली ती गेलीच. खेळाचा हा कठोर नियम त्याला ठाऊक होता. एकेकाळी त्यालाही अशीच कोणाची तरी जागा मिळाली होती. २ नोव्हेंबर २०२१ रोजी अदलाबदलीने तो न्यूयॉर्क जेट्स या संघाकडे गेला. नवे शहर, नवे सोबती, नव्या खुणा. पुन्हा पहिल्यापासून आरंभ! तेथे त्याने लवकरच फळीत स्थान मिळविले आणि हंगाम पुरा केला. २०२२ मध्ये त्याने वैद्यकीय प्रशिक्षणास अग्रक्रम दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या संघाला गड्यांची उणीव भासली, तेव्हा तो पुन्हा गेला. पण या वेळी राखीव सरावसंघातील एक गडी म्हणून. अजिंक्य संघात खेळलेल्या वीराने अशी दुय्यम जागा घ्यावी, यात त्याला कमीपणा वाटला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याने धंदेवाईक खेळातून निवृत्ती पत्करली.

त्याने केलेल्या सेवेची दखल पुढे अनेकांनी घेतली. अमेरिकेतील एका प्रसिद्ध क्रीडा नियतकालिकाने २०२० सालच्या सर्वश्रेष्ठ क्रीडापटूंत त्याची गणना केली. त्या वर्षीचा कॅनडाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू हा मान फुटबॉलपटू अल्फोन्सो डेव्हिस याच्याबरोबर त्याला विभागून मिळाला. ओहायो राज्यातील कँटन या गावी अमेरिकी फुटबॉलचे मोठे संग्रहालय आहे. तेथे थोर खेळाडूंची शिरस्त्राणे, चेंडू आणि अंगरखे जतन केलेले आहेत. शुश्रूषागृहात काम करताना लोराँ जो वेश वापरीत असे, तो या संग्रहालयाने मागून घेतला.

लोराँच्या नावावर गुणांचे विक्रम नाहीत. ज्या जागी तो खेळला, तेथे ते होऊच शकत नाहीत. मैदानावर असो की रुग्णाच्या खाटेजवळ असो, दुसऱ्याचे पाऊल पुढे पडावे म्हणून आपण ठामपणे उभे राहावे, एवढेच त्याचे काम होते. समाजात असे फळीतले गडी पुष्कळ असतात. त्यांची आठवण बहुधा काही बिघडले, म्हणजेच होते. सर्व सुरळीत चालले असताना त्यांच्याकडे ज्याची दृष्टी जाते, त्याला खेळही कळला आणि माणसेही कळली, असे म्हणावयास हरकत नाही.

अभ्यास

१. अमेरिकी फुटबॉलमधील आघाडीच्या फळीचे काम कोणते? तिच्यातील गड्यांना कोणते नियम पाळावे लागतात?

२. मॅकगिल विद्यापीठात शिकत असताना लोराँपुढे कोणत्या अडचणी होत्या? त्यांतून त्याने कसा मार्ग काढला?

३. जुलै २०२० मध्ये लोराँने कोणता निर्णय घेतला? त्यासाठी त्याला काय काय सोडावे लागले?

४. ‘ती कोणी राखून ठेवीत नाही.’ हे वाक्य कशासंबंधी आहे? लोराँच्या जीवनातील कोणत्या प्रसंगी त्याचा प्रत्यय आला?

५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : खिंडार पडणे, जीव घेऊन पळणे, पाचारण करणे, अग्रक्रम देणे, कूस पालटणे.

६. तुमच्या शाळेत किंवा गावात ‘फळीतल्या गड्याप्रमाणे’ काम करणारी व्यक्ती कोण आहे? तिच्या दिवसभराच्या कामाचे निरीक्षण करून दहा-बारा ओळी लिहा.